बाहेरचा रंग गावाचा, आतला रंग घराचा

जयपूरला पहिल्यांदा आलेल्या मराठी पाहुण्याला बडी चौपडवर नेऊन उभे केले की तो दोन मिनिटे इकडे-तिकडे पाहतो आणि हमखास विचारतो, "अहो, गुलाबी ते कुठे?" त्याचा प्रश्न रास्त असतो. गुलाबाच्या फुलाचा गुलाबी रंग इथे नाहीच. इथे आहे तो भाजलेल्या विटेचा, कौलाचा, किंचित भगव्याकडे झुकणारा मातकट रंग. जुनी माणसे त्याला सरळ गेरूचा रंग म्हणतात. 'गुलाबी नगरी' हे नाव पर्यटकांच्या तोंडी बसले आणि शहराला चिकटले.

आपल्याकडे गणपती उठले की इथल्या घरोघरी दिवाळीच्या पुताईचे वेध लागतात. बांधकामाच्या नोकरीत माझी बरीच वर्षे जुन्या-नव्या भिंतींच्या सहवासात गेली, त्यामुळे मंडळातली मंडळी हक्काने विचारतात, "काका, यंदा घराला बाहेरून कोणता रंग द्यावा? हॉलला कोणता?" रंगाच्या कंपन्यांची कार्डे त्यांच्या हातात असतातच, त्यांत शेकडो छटा असतात आणि त्या पाहून माणूस आणखी गोंधळतो. माझे उत्तर मात्र या शहराच्या इतिहासातून आलेले आहे. ते यंदाच्या स्मरणिकेच्या निमित्ताने सविस्तर मांडतो.

दगड नव्हता म्हणून रंग आला

सवाई जयसिंह यांनी जयपूरची पायाभरणी १८ नोव्हेंबर १७२७ रोजी केली. नगररचनेच्या कामात विद्याधर भट्टाचार्य या बंगाली विद्वानाचा मोठा वाटा होता. सरळ रुंद रस्ते, काटकोनात छेदणाऱ्या गल्ल्या, चौपडी, दुकानांची एकसारखी ओळ आणि वर घरे, असे हे आखीव शहर. आता अशा शहराच्या दर्शनी भिंती कशाच्या असाव्यात? त्या काळी वैभवाचे माप होते आग्रा, दिल्ली आणि फतेहपूर सीक्री. तिथल्या इमारती तांबड्या वालुकाश्माच्या आणि त्यावर पांढऱ्या संगमरवराच्या रेघा व नक्षी. जयपूरच्या आसपासच्या अरवलीच्या टेकड्यांत मिळतो तो दगड कठीण आणि ओबडधोबड. भिंत रचायला उत्तम, पण कोरायला आणि मिरवायला उपयोगाचा नाही. तांबडा वालुकाश्म आणायचा तर दूर पूर्वेकडे, करौली-भरतपूर भागातून आणावा लागे. सगळ्या शहरासाठी तो आणणे कोणाच्याही खजिन्याला परवडले नसते.

मग कारागिरांनी व्यवहारी मार्ग काढला. ओबडधोबड दगडाची भिंत, तिच्यावर चुन्याचा गिलावा, गिलाव्यावर गेरूचा हात आणि त्यावर पांढऱ्या रेघा, वेलबुट्टी, कमानींच्या कडा. हवामहालासमोर उभे राहून नीट पाहा. ती वास्तू सवाई प्रतापसिंहांनी १७९९ साली बांधली. तिच्यावरच्या पांढऱ्या रेघा म्हणजे संगमरवराच्या पट्ट्यांची नक्कल आणि तांबूस जमीन म्हणजे वालुकाश्माची. गरिबाघरी सोन्याच्या बांगडीची हौस काचेच्या बांगडीने भागते, तसेच हे. पण गंमत अशी की ही नक्कल पुढे अस्सल झाली. आज आग्र्याची आठवण येऊन कोणी जयपूरला नावाजत नाही. जयपूरचा रंग जयपूरचाच मानला जातो.

आपले लोक इथे तेव्हापासून आहेत

या शहराशी मराठी माणसाचा संबंध नोकरी-धंद्यासाठी आलेल्या आपल्या पिढीपासूनचा नाही. सवाई जयसिंहांच्या पदरी असलेले सम्राट जगन्नाथ हे महाराष्ट्रीय पंडित. युक्लिडच्या भूमितीचा 'रेखागणित' हा संस्कृत अवतार त्यांचा. जयसिंहांचे गुरू रत्नाकर पौंडरीक हेही महाराष्ट्रीय ब्राह्मण. १७३५ साली पहिल्या बाजीराव पेशव्यांच्या मातोश्री राधाबाई उत्तरेच्या तीर्थयात्रेला निघाल्या, तेव्हा जयसिंहांनी त्यांचे मोठ्या सन्मानाने आतिथ्य केले. शहर तेव्हा आठ वर्षांचे होते; गिलावेही पुरते जुने झाले नसतील.

इतिहासाची दुसरी बाजूही लपवण्याचे कारण नाही. पुढे मराठी फौजा इथे खंडणीसाठी आल्या. त्या तगाद्याला कंटाळून सवाई ईश्वरीसिंहांनी डिसेंबर १७५० मध्ये आत्महत्या केली. त्यानंतर जानेवारी १७५१ मध्ये शहरात शिरलेल्या मराठ्यांवर नगरवासी उठले आणि फार मोठी कत्तल झाली. त्याच ईश्वरीसिंहांनी उभारलेला ईसरलाट हा उंच मनोरा त्रिपोलिया बाजाराच्या मागे आजही दिसतो. मी हे मुद्दाम लिहितो आहे. या शहरात आपण पाहुणे म्हणून, पंडित म्हणून आणि वसुलीला आलेले म्हणूनही येऊन गेलो आहोत. आज आपण शेजारी म्हणून राहतो. शेजाऱ्याने शेजाऱ्याच्या रंगाची बूज राखावी, हा या लेखाचा अर्धा भाग आहे.

१८७६ साली काय झाले?

"राजपुत्र येणार म्हणून शहर गुलाबी रंगवले," ही गोष्ट इथला प्रत्येक गाईड सांगतो. तीत तथ्य आहे. राणी व्हिक्टोरियाचे थोरले चिरंजीव, प्रिन्स ऑफ वेल्स आल्बर्ट एडवर्ड, फेब्रुवारी १८७६ मध्ये जयपूरला आले. गादीवर होते सवाई रामसिंह दुसरे, फोटोग्राफीचे षौकीन आणि सुधारणांची आवड असलेले राजे. त्यांनी स्वागतासाठी शहर एका रंगात रंगवून घेतले. ६ फेब्रुवारी १८७६ रोजी राजपुत्राच्या हस्ते आल्बर्ट हॉलचा पाया घातला गेला. स्विंटन जेकब यांच्या आराखड्यावरून उभ्या राहिलेल्या या इमारतीत १८८७ साली संग्रहालय उघडले. ही इमारत तटाबाहेर आहे आणि तिने आपल्या दगडाचाच रंग ठेवला आहे, हेही लक्षात घ्यावे.

पण १८७६ साली रामसिंहांनी आकाशातून नवा रंग आणला नाही. चुना आणि गेरू इथल्या कारागिरांच्या हातात दीडशे वर्षे होतेच. त्यांनी केले ते एवढेच की जे आधीपासून शहराच्या अंगी होते, ते सगळ्या दर्शनी भिंतींवर सारखे केले आणि त्याचा दंडक केला. तटबंदीच्या आतल्या शहराला इथे परकोटा म्हणतात. परकोट्यातल्या बाजारांच्या दर्शनी भागाला हाच रंग द्यायचा, हा नियम संस्थानी काळापासून चालत आला आणि पुढे नगरपालिकेच्या नियमांतही राहिला. घर तुमचे, भिंत तुमची, खर्चही तुमचाच. पण रस्त्याकडची बाजू शहराची.

ऐकायला हे जाचक वाटते. पण एक विचार करा. या रस्त्यावर लाखाची उलाढाल करणारा जवाहिर आणि शेजारी बांगड्या विकणारा मणियार यांच्या दुकानांच्या भिंती एका रंगाच्या आहेत. कोणाची पत काय, हे भिंत सांगत नाही.

काव, हुरमुंजी आणि तुळशीवृंदावन

गेरू म्हणजे लोहाचा अंश असलेली तांबडी माती. आपल्या कोकणात तिलाच 'काव' म्हणतात. आपल्या आजीने अंगणातल्या तुळशीवृंदावनाला दिलेला हात कावेचाच असे आणि त्यावर चुन्याची बोटे. दाराच्या उंबऱ्यालगत गेरूचा पट्टा आणि त्यावर पांढरी रांगोळी, हे तर देशावरही होते. म्हणजे जयपूरने सगळ्या शहराला जे केले, तेच आपल्या घराने वृंदावनाला आणि उंबऱ्याला केले होते. तांबड्यावर पांढरे.

याहून जवळचे नाते एका शब्दात दडले आहे. जयपूरचा कारागीर तांबड्या मातीला 'हिरमिच' म्हणतो. हिंदी कोशात 'हिरमिजी' सापडते. आणि आपल्या जुन्या मराठीत तांबड्या मातीला 'हुरमुंजी' शब्द आहे. हे सगळे शब्द इराणच्या आखातातल्या होर्मुझ बंदराच्या नावावरून आले. त्या बेटावरची तांबडी माती प्रसिद्ध आहे आणि ती समुद्रमार्गे आपल्याकडे येत असे. गोव्यात आणि खाली कारवार-कुमठ्यापर्यंतच्या किनाऱ्यावर काही देवळांच्या आणि जुन्या घरांच्या भिंतींवर 'कावी कला' दिसते. चुन्याच्या गिलाव्यावर तांबड्या कावेचा थर द्यायचा आणि तो ओला असतानाच टोकदार हत्याराने खरवडून खालचा पांढरा चुना वर आणायचा. अशी ही चित्रे. कोकणातला आणि ढूंढाडातला कारागीर एकमेकांना कधी भेटले नसतील, पण दोघांच्या हाती चुना होता, तांबडी माती होती आणि तिचे नावही एकाच बंदरावरून आलेले होते.

मुळात चुना हा मोठा कडक मास्तर आहे. विरवलेला चुना भिंतीवर लागला की हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन पुन्हा दगड होत जातो आणि ओल्यावर लावलेला रंग त्या दगडात अडकून बसतो. पण चुना क्षारधर्मी असल्याने फुलापानांचे नाजूक रंग तो खाऊन टाकतो. टिकतात ते मातीचे आणि खनिजांचे रंग. लाल हिरमिच, पिवळी रामरज, 'हरा भाटा' हा हिरवा दगड, काजळाचा काळा आणि चुन्याचा स्वतःचा पांढरा. जुन्या घरांची रंगसंगती आपल्याला इतकी शांत का वाटते, याचे उत्तर या यादीत आहे. यातला कोणताही रंग दुसऱ्याशी भांडत नाही, कारण सगळे मातीतून आले आहेत. निवड करणाऱ्याची अभिरुची चांगली होतीच. पण चुन्याने वाईट निवडीला वावच ठेवला नव्हता.

हा वाव पुढे मिळाला. एकोणिसाव्या शतकात परदेशी कारखान्यांतली कृत्रिम निळी पूड बाजारात आली. ती स्वस्त होती आणि चुन्यात टिकत होती. शेखावतीतल्या मंडावा, नवलगढच्या हवेल्या पाहिल्या असतील तर आठवा. जुन्या भिंतींवर तांबडे आणि पिवळे प्रमुख, नंतरच्या भिंतींवर निळ्याचा सुकाळ. एका डब्याने एका प्रांताची चित्रे बदलली.

हाच रंग इथे का शोभतो

शोभेचा प्रश्न उन्हाशी बांधलेला आहे. मे महिन्यात जोहरी बाजाराच्या रुंद रस्त्यावर भर दुपारी उभे राहा. दोन्ही बाजूंच्या भिंती पांढऱ्याफेक असत्या तर डोळे उघडे ठेवता आले नसते. गेरूचा रंग तो झळाळ पिऊन घेतो. दुसरे, इथे आंधी येते. वाळवंटाकडून आलेली धूळ पांढऱ्या भिंतीवर बसली की आठवड्यात घर मळकट दिसते; गेरूवर ती धूळ त्याच्याच कुळातली असल्याने बेमालूम मिसळते. तिसरे, सकाळ-संध्याकाळच्या तिरप्या उन्हात हा रंग आतून पेटल्यासारखा उजळतो. पर्यटकांच्या कॅमेऱ्यात येतो तो 'गुलाबी' त्या अर्ध्या तासाचा असतो.

प्रत्येक गावाने आपापल्या उन्हाशी असा करार केलेला दिसतो. जोधपूरच्या ब्रह्मपुरीत मेहरानगडाच्या पायथ्याशी घरे निळी आहेत. चुन्यात नीळ घालून दिलेला तो रंग. तिथले लोक सांगतात की तो ब्राह्मणांच्या घरांची खूण होता, आणि वाळवीलाही दूर ठेवतो. तिथल्या अरुंद, सावलीच्या गल्ल्यांत तो थंडावा देतो यात शंका नाही. गोव्यात सांगतात की पोर्तुगीज अमदानीत पांढराशुभ्र रंग चर्चसाठी राखलेला, म्हणून घरे पिवळी, निळी, तांबडी. पावसाने गच्च हिरव्या झालेल्या माडांमध्ये तेच रंग खुलतात. पण गोव्याचा पिवळा आणून जोहरी बाजारात लावला तर तो उपरा दिसेल आणि जोधपूरचा निळा आपल्या कोकणच्या जांभ्याशेजारी उगाच वाटेल. बाहेरचा रंग एकट्या घराचा नसतो. त्याला शेजारी असतो, माती असते, आकाश असते.

दाराच्या आत मात्र मुभा

आता दाराच्या आत येऊ या. रस्त्याला एक रंग लावणाऱ्या राजांनी स्वतःच्या महालात काय केले? सिटी पॅलेसमधल्या चंद्रमहालात वरच्या मजल्यावर छवि निवास आहे. त्याच्या भिंती निळ्या आणि त्यावर पांढरी नक्षी. पावसाळ्याच्या दिवसांसाठीची ती जागा. ज्या प्रांतात पाऊस मोजका पडतो, तिथे राजाने आपल्या खोलीत ढगांचे आभाळच उतरवले. खाली प्रीतम निवास चौकात चार दारे आहेत, चार ऋतूंची. मोरांचे दार शरदाचे, कमळांचे ग्रीष्माचे, गुलाबांचे हिवाळ्याचे आणि हिरव्या लहरियाचे वसंताचे. आपल्याला आनंद व्हावा अशी गोष्ट म्हणजे हे वसंताचे हिरवे दार गणपतीचे आहे.

आमेरच्या किल्ल्यातला गणेश पोलही तसाच. पुरंदरच्या तहामुळे (१६६५) आपल्याला शाळेपासून ठाऊक असलेले मिर्झाराजे जयसिंह, त्यांच्या काळाशी निगडित हे दार. कमानीवर गणराय आणि सभोवती चुन्यावरची रंगीत वेलबुट्टी. बाहेरचा किल्ला बघा, फिका पिवळसर, डोंगराच्या रंगाचा. खासगी महालात जाण्याच्या वाटेवर मात्र रंगांची अशी उधळण.

आणि आपल्या घरचे उदाहरण म्हणजे जयपूरच्या ब्रह्मपुरीतली पौंडरीकांची हवेली. मघाशी उल्लेख केलेल्या रत्नाकर पौंडरीकांच्या घराण्याची ही वास्तू. तिथल्या एका खोलीतली भित्तिचित्रे आज भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण खात्याच्या संरक्षणाखाली आहेत. महाराष्ट्रीय घराणे, राजस्थानी कारागीर, बाहेर गल्लीची शिस्त आणि आत रंगांची श्रीमंती. जयपूरमधल्या मराठी घराने कसे असावे, याचा नमुना पौंडरीकांनी आपल्याआधी घालून ठेवला आहे.

पण रंगांच्या उधळणीवर जाऊ नका. या महालांतल्या आणि हवेल्यांतल्या बहुतेक भिंतींचा मुख्य रंग पांढराच आहे, तोही साधासुधा नाही. त्याला 'आराइश' म्हणतात. चुना विरवून महिनोन्‌महिने पाण्याखाली ठेवायचा, अधूनमधून पाणी बदलायचे, त्यात दही आणि गूळ घालायचा. मग संगमरवराच्या बारीक पुडीबरोबर वाटून त्याचे पातळ थर थापीने द्यायचे. वरचा थर ओला असतानाच चित्र काढायचे आणि रंग ठोकून आत बसवायचा. शेवटी अकीकाच्या दगडाने घोटत राहायचे, खोबऱ्याचा हात द्यायचा. भिंत आरशासारखी होते, हाताला थंड लागते आणि खिडकीतून आलेला थोडासा उजेड खोलीभर वाटते. त्या पांढऱ्यावर रंग येतो तो पट्ट्यांत: भिंतीच्या खालच्या भागात, कोनाड्यांच्या कडांना, कमानीच्या बाकावर. खाली गादीवर बसणाऱ्याच्या नजरेला जिथे रंग हवा, तिथेच तो दिला. थोडा रंग आणि योग्य जागी, हे त्यांचे गणित होते.

डब्यातला रंग आणि घुसमटलेली भिंत

आपल्या लहानपणी दिवाळीला चुना भिजत घालत, त्यात चिमूटभर नीळ टाकत आणि घरातलेच कोणीतरी कुंचला घेऊन उभे राही. मग डिस्टेंपर आले, बाहेरून सिमेंटचा रंग आला. एशियन पेंट्सच्या डब्यावरचा खट्याळ 'गट्टू' आठवतो ना? तो आर. के. लक्ष्मण यांनी १९५४ साली काढलेला. त्या पोराच्या हातातल्या ब्रशने मध्यमवर्गाच्या घरात रंगांची हौस आणली, हे मान्यच करायला हवे. तोवर रंग म्हणजे चुना, पिवडी आणि गेरू. नंतर मनात येईल तो रंग.

नव्या विटा-सिमेंटच्या घरांना हे रंग चालतात. घोटाळा होतो तो जुन्या भिंतींवर. चुन्याची भिंत श्वास घेते. जमिनीतून आणि पावसातून आलेली ओल ती हळूहळू बाहेर सोडते. तिच्यावर प्लास्टिक रंगाचा किंवा सिमेंटचा थर चढवला की ओल आत कोंडते, क्षार वर येतात, लोणा लागतो, पापुद्रे सुटतात आणि पापुद्र्याबरोबर दोनशे वर्षांचा गिलावाही येतो. परकोट्यातल्या एका जुन्या घरात मी हे डोळ्यांनी पाहिले. बैठकीच्या आराइशवर कोणीतरी चकचकीत ऑइलपेंट मारला होता. दोन-तीन पावसाळ्यांत तो फुगला. खरवडायला घेतला तर खाली हिरव्या-तांबड्या वेलीचे तुकडे दिसले, आणि खरवडणाऱ्याच्या हातूनच ते गळून पडले. तो गिलावा पुन्हा करायला लागणारा महिन्यांचा चुना, तो घोटणारे हात आणि त्या हातांची मजुरी या सगळ्यांचाच आता तुटवडा आहे.

शहराने काही सावरले. २००० सालाच्या सुमारास 'ऑपरेशन पिंक' मोहिमेत बाजारांतले दुकानदारांनी अडवलेले बरामदे मोकळे केले गेले. जुलै २०१९ मध्ये युनेस्कोने जयपूर शहराला जागतिक वारशाच्या यादीत घेतले. पण यादीत नाव येणे निराळे आणि भिंत जगणे निराळे. आतापर्यंत भिंत जगली ती दर दोन-चार वर्षांनी कोणीतरी चुना-गेरूचा हात देत आले म्हणून. गुलाबी छटेचा कुठलातरी टिकाऊ प्लास्टिक रंग लावला तर नियम पाळल्यासारखा दिसतो, पण भिंत आतून खचते.

मग आपण काय करावे?

आपल्यापैकी बहुतेकांची घरे परकोट्याबाहेर, नव्या वसाहतींत आहेत. तिथे नियम नाही. म्हणूनच जे नियमाने शिकवले ते आपण समजुतीने करावे, असे मला वाटते.

बाहेरून रंग निवडताना कार्ड घरात बघू नका. गच्चीवर जा, भोवतालची माती आणि शेजारची घरे पाहा. मातीच्या कुळातले रंग घ्या: फिका गेरू, रामरजेचा पिवळसर, वाळूचा, मळकट पांढरा. कार्डावरच्या चौकोनात जो रंग सौम्य दिसतो तोच भिंतभर पसरला की भडक होतो, म्हणून एक-दोन छटा फिक्याच घ्याव्यात. हातभर जागेवर लावून सकाळ, दुपार, संध्याकाळ पाहावे आणि मग ठरवावे. गडद रंगाची हौस असेल तर ती दर्शनी दार, खिडकीची चौकट, कठडा यांवर भागवावी. पांढऱ्या रेघेचे काम जुन्या जयपूरने दाखवलेच आहे. गच्चीला मात्र पांढरा चुनाच द्या. ऊन परत पाठवण्यासारखा स्वस्त थंडावा नाही.

आत छत पांढरे ठेवा आणि भिंती उजेड वाटतील अशा ठेवा. प्रत्येक खोलीत एकाच जागी रंगाला मोकळीक द्या. बसून जिथे नजर जाते ती एक भिंत, देवघराचा कोनाडा किंवा पुस्तकांच्या मागची जागा. तिथे तुमच्या मनातला रंग येऊ द्या. पैठणीच्या काठाचा हिरवा असेल, हळदीचा पिवळा असेल, आजोळच्या माजघरातला कसला तरी आठवणीतला निळा असेल. त्याला शेजाऱ्याची परवानगी लागत नाही. आणि ज्यांचे घर जुन्या शहरात, चुन्याच्या भिंतीचे आहे, त्यांना हात जोडून एकच सांगणे: रंगवण्यापूर्वी कोपऱ्यात थोडे खरवडून खाली काय आहे ते पाहा, आणि चुन्याला चुनाच द्या.

परमुलखात घर करणाऱ्याला कायम एक प्रश्न पडतो. किती इथले व्हायचे आणि किती आपले राहायचे? भाषा, जेवण, मुलांची शाळा, सगळीकडे तो येतो. त्याचे नेमके उत्तर मला कुठल्या पुस्तकात मिळाले नाही, पण या शहराच्या भिंतींनी एक वाट दाखवली. रस्त्याकडे तोंड करून असलेला रंग गावाचा असू द्यावा, म्हणजे गावाला आपण परके वाटत नाही. उंबऱ्याच्या आतला रंग आपला असू द्यावा, म्हणजे मुलांना आपण कुठून आलो ते समजते. आणि उंबरा? त्यावर गेरूचा पट्टा आणि पांढरी रांगोळी. ती तर दोन्हीकडची आहे.

यंदा बाप्पांच्या आगमनापूर्वी तेवढा पट्टा जरूर ओढा. गणपती बाप्पा मोरया!